नाशिकची ड्राय सॉव्हिन्यों ब्लाँ आणि माशांचं जेवण: कशाबरोबर जमते?

खाडीकाठ
शनिवारी सहा जण जेवायला आहेत. बेत असा: कोथिंबीर वडी, अळूवडी, रवा लावून तळलेली सुरमई, नारळाच्या रसातलं कोलंबीचं कालवण, भात, सोलकढी. सोबत नाशिकची सॉव्हिन्यों ब्लाँ (याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन), लेबलवर ‘ड्राय’ असलेली. ड्राय म्हणजे आंबट का? यातल्या कशाबरोबर चांगली लागेल? आणि थंड किती करायची?

द्राक्षमळा
ड्राय म्हणजे गोड नसलेली. आंबताना द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर संपते. लिटरला ४ ग्रॅमच्या आत उरली की साधारण ड्राय म्हणतात. आंबटपणा द्राक्षातल्या आम्लांचा असतो. वर गोडीचं पांघरूण नसल्यामुळे तो जास्त जाणवतो.

वास घेतलात तर आधी हिरवेपणा येईल, ताज्या चिरलेल्या ढोबळी मिरचीसारखा. ढोबळीत आणि या द्राक्षात वास देणारं संयुग एकाच जातीचं असतं. घडावर ऊन पडून द्राक्ष पिकत गेलं की तो वास उतरतो आणि पपनस, पॅशनफ्रूट पुढे येतं. नाशिकला तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. ऊन तापू लागलं की आम्लही उतरतं, म्हणून उशिरा तोडलेल्या मालाची वाइन सपाट लागू शकते. बाटली घेताना वर्ष बघा. ही वाइन ताजीच प्यायची, एक-दोन वर्षांच्या आत. रंग गडद पिवळ्याकडे झुकलेला असेल तर ती बहुतेक उन्हातान्हात पडून होती, नको घेऊ.

पाटावरवंटा
जोडी जमवताना एकच बघा: ज्या पदार्थावर लिंबाची फोड पिळाल, त्याच्याशी ही जमते. सुरमई म्हणूनच पहिली. रव्याचं तेलकट कवच वाइनच्या आंबटपणाने जिभेवरून सुटतं आणि माशातल्या मिठाने वाइन मऊ लागते. कोथिंबीर वडीही छान, हिरव्याला हिरवं मिळतं.

अळूवडी मात्र अडचणीची. बेसनात गूळ पडला की त्याच्यापुढे ड्राय वाइन आंबट आणि पातळ लागते. गूळ निम्मा करा, चिंच तशीच ठेवा. सोलकढीत कोकम आणि कच्चा लसूण, दोन्ही वाइनवर चढतात. ती शेवटी भाताबरोबर द्या, तोवर वाइनचे ग्लास आवरलेले असावेत.

कालवणाचं सगळं मिरचीवर आहे. तिखट आणि अल्कोहोल एकत्र आले की तोंड दुप्पट पेटतं, आणि या वाइनमध्ये अल्कोहोल १२-१३ टक्के तरी असतंच. बेडगी वापरा, रंग येईल आणि जाळ कमी राहील. नारळाचा घट्ट रस शेवटी घाला. वाइनला तो स्निग्धपणा हवाच असतो. तिरफळ टाळा, जीभ बधिर झाली की वाइनची चव कळतच नाही.

शेनिनवाला
कालवण झणझणीतच हवं असेल तर ड्रायचा हट्ट सोडा आणि नाशिकचीच किंचित गोडसर शेनिन ब्लाँ, म्हणजे दुसऱ्या द्राक्षाची पांढरी वाइन, घ्या. थोडी साखर मिरचीला आवरते. बाकी वरचं सगळं मान्य.

थंड करायचं तर ८ ते १० अंश. फ्रिजमध्ये तीन तास, वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर मीठ. बाटली मानेपर्यंत बुडवा, वीस मिनिटं पुरतात. नुसता बर्फ घातलात तर बाटलीला तो जागोजागीच टेकतो आणि वेळ जातो. ग्लासात बर्फ नको. एका वेळी १०० मिली ओता, आपल्याकडच्या उकाड्यात भरलेला ग्लास अर्ध्यावर येईतो कोमट होतो. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास, म्हणजे सहा जणांना दोन बाटल्या.

खाडीकाठ
गूळ निम्मा, बेडगी नक्की. उरलेल्या वाइनचं काय करायचं?

पाटावरवंटा
झाकण घट्ट लावून बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा. दोन-तीन दिवस ठीक, मग वास मरतो. त्याआधी तिसऱ्या (शिंपले) आणा. चार लसूण पाकळ्या तेलात गुलाबी करा, धुतलेल्या तिसऱ्या टाका, १०० मिली वाइन, वर झाकण, आच मोठी. तीन ते पाच मिनिटांत शिंपले उघडतात. न उघडलेले फेकून द्या. मीठ चव बघूनच घाला, तिसऱ्यांचं पाणी आधीच खारं असतं.