वडील माळकरी, अल्झायमरची सुरुवात : बी-१२ च्या गोळ्या द्याव्यात का?

प्रश्न (परभणी) : वडील ७४ वर्षांचे, आयुष्यात अंडंसुद्धा नाही. शुगरसाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू. न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमरची सुरुवात सांगितलीय. मेडिकलवर बी-कॉम्प्लेक्स घ्या म्हणाले. सुरू करू का? विसरणं थांबेल का?

उत्तर १ : आधी रक्त द्या, मग गोळी. गोळी पोटात गेली की बी-१२ चा आकडा वर चढतो आणि मुळात कमी होतं का, ते कळत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल, बी-१२ कमी पडलं की वाढतं), क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) करा. बी-१२ २०० पिकोग्रॅम/मिली च्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० मध्ये अडकलं तर होमोसिस्टीन बघायचं. ते १५ मायक्रोमोल/लिटर च्या वर असेल आणि किडनी ठीक असेल तर कमतरतेचा संशय पक्का.

यात एक गोम आहे. नळीतलं रक्त तसंच राहिलं की लाल पेशींतून होमोसिस्टीन झिरपतं, आकडा खोटाच वाढतो. नमुना बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा (पेशी सोडून उरणारा द्रव) वेगळा करावा लागतो. लॅब नमुना संभाजीनगरला किंवा पुण्याला पाठवत असेल, तर सेंट्रिफ्यूज (प्लाझ्मा वेगळा करणारं यंत्र) इथंच फिरवता का, हे आधी विचारा.

उत्तर २ : थांबेल का, याचं उत्तर थोडं कडू आहे. २००८ च्या अमेरिकेतल्या चाचणीत अल्झायमरच्या ४०९ रुग्णांना १८ महिने फोलिक ॲसिड, बी-६, बी-१२ मोठ्या मात्रेत दिलं. होमोसिस्टीन उतरलं, पण बुद्धीची घसरण मंदावली नाही. ऑक्सफर्डच्या २०१० च्या चाचणीत मेंदू आक्रसण्याचा वेग कमी झाला, तोही होमोसिस्टीन जास्त असलेल्यांत अधिक. पण ते सौम्य विसरभोळेपणाचे लोक होते, अल्झायमरचे नव्हेत. म्हणजे कमतरता असेल तर ती भरून काढायचीच, तिच्यामुळे आलेला गोंधळ कमी होऊ शकतो. अल्झायमर मात्र राहतोच.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पायाला मुंग्या येतात, चालताना तोलही जातो, हे लिहायचं राहिलं.

उत्तर १ : हे बी-१२ कमी पडल्याचंही लक्षण असू शकतं. मग रक्त उद्याच द्या आणि लगेच डॉक्टरांना गाठा. असं असताना बहुधा इंजेक्शननंच सुरुवात करतात. मुंग्या शुगरनंही येतात, पण तेवढ्यावर सोडून देऊ नका. नुसतं फोलिक ॲसिड तर अजिबात नको : रक्त सुधारतं, नसा आतून खराब होत राहतात. गोळीत बी-६ किती आहे, तेही बघून घ्या, त्याची मोठी मात्रा महिनोन् महिने घेतली तर त्यानंच पाय बधिर होतात.

उत्तर ३ : भाकरी, वरण, मेथीत फोलेट भरपूर, बी-१२ शून्य. पाव लिटर दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम, रोजची गरज २.२. कमतरता दुधानं भरत नाही. इंजेक्शनांनंतर रोज बी-१२ ची १००० मायक्रोग्रॅमची गोळी चालते, कारण त्यातलं जेमतेम एक टक्का आतड्यातून थेट झिरपतं आणि तेवढं पुरतं. मेटफॉर्मिननं बी-१२ कमी होऊ शकतं, पण म्हणून ते मनानं बंद करू नका.