‘काइंड ऑफ ब्लू’ची खरी प्रत कुठली? आणि टाकून दिलेले टेक ऐकायचे कशाला?

सुईटोक
मामा साठच्या दशकात अमेरिकेहून परतले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ही रेकॉर्ड होती. तांबडं लेबल, त्यावर डोळ्यांसारखी सहा चिन्हं. दुसऱ्या बाजूची नावं मात्र उलटी छापलेली: आधी ‘फ्लॅमेंको स्केचेस’, मग ‘ऑल ब्लूज’. प्रत्यक्षात आधी वाजतं ‘ऑल ब्लूज’. सुरुवातीच्या प्रतींतली ही गाजलेली चूक. मी कॉलेज संपेपर्यंत दोन्ही रचना एकमेकींच्या नावाने ओळखत होतो आणि त्यावर मित्रांशी पैजाही हरलो.

खरा घोळ पहिल्या बाजूला आहे. 2 मार्च 1959 ला न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत या बाजूच्या तिन्ही रचना मुद्रित होत असताना मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. अशी टेप नेहमीच्या वेगाने लावली की सगळं जरा जलद आणि चढं वाजतं. सोबतचं राखीव मशीन बरोबर चाललं होतं. त्या टेपवरून दुरुस्त आवृत्ती आली 1992 साली. तोवर 33 वर्षं सगळे चढी पट्टीच ऐकत होते.

माझं म्हणणं एवढंच, की जुनी प्रेसिंग (त्या काळी छापलेली प्रत) हमखास सरस हा हट्ट सोडावा, पण एकच प्रत ऐकून ‘अल्बम ऐकला’ असंही म्हणू नये. 1997 ला ‘फ्लॅमेंको स्केचेस’चा वगळलेला टेक (त्याच रचनेचं तेव्हा न वापरलेलं मुद्रण) बाहेर आला, तोही ऐकाच.

आठआणे
काका, हे ऐकणं नाही, जमवणं आहे. कानाचं एवढं कौतुक असेल तर 2022 आठवा. जुने अल्बम नव्याने छापणाऱ्या ‘मोबाइल फिडेलिटी’ कंपनीच्या कितीतरी महागड्या रेकॉर्डी बनवताना टेप आणि तबकडीच्या मध्ये डिजिटल पायरी होती हे तेव्हा उघड झालं. त्याआधी वर्षानुवर्षं मंडळी त्यांनाच ‘अस्सल ॲनालॉग ऊब’ म्हणून नावाजत होती. एकालाही ऐकून कळलं नाही.

आणि टाकलेले टेक? वाजवणाऱ्यांनीच नको म्हटलेलं आपण का उकरायचं? भाजी झाल्यावर सालं कोण वाढतं?

खर्जातला सा
दोडक्याच्या शिरांची चटणी कधी खाल्ली नाहीत वाटतं!

पट्टीबद्दल सांगते. मी पेटी घेऊन जुन्या प्रतीबरोबर बसले होते. पहिल्या बाजूचं ‘सो व्हॉट’ कुठल्याच पट्टीला बसेना, काळी-पांढरीच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतंय. मला वाटलं पेटीच उतरली. दुरुस्त प्रत लावली आणि सूर जागेवर आले. हे ‘ऊब’वगैरे प्रकरण नव्हे, मोजता येतं.

टेकचं म्हणाल, तर अल्बमच्या वेष्टनावर पियानोवादक बिल एव्हान्सने लिहिलंय की प्रत्येक रचनेचं पहिलं पूर्ण वादनच ठेवलं. ‘फ्लॅमेंको स्केचेस’च्या बाबतीत ते खरं नाही, त्याआधीचा एक पूर्ण टेक होता. त्या रचनेला ठरलेली धूनच नाही. पाच स्वरमालिका, आणि प्रत्येकाने हवा तेवढा वेळ एकेकीवर थांबायचं. मग वगळलेला टेक म्हणजे साल कसं? तोच राग दुसऱ्या रात्री. कुमारजींच्या खासगी मैफलींच्या कॅसेटी आपल्याकडे हातोहात फिरायच्या, त्यांना कुणी रद्दी म्हणालं नाही.

पोटमाळा
जॅझपुरतं मान्य. रॉकमध्ये ताई, गणित वेगळं. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ अल्बमचं मोनो मिक्स (सगळे आवाज एकाच वाहिनीत जुळवलेली आवृत्ती) करताना ते चौघे तिथे ठाण मांडून बसत. स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचं, नंतर त्यांच्याविना उरकलं. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत जलद आणि चढं आहे, स्टिरिओत संथ. इथे ‘दोन्ही ऐका’ नाही चालत. एक त्यांनी केलेलं, दुसरं दुकानासाठी.

अवांतर: कोलकात्याजवळ दमदमला छापलेल्या बीटल्सच्या भारतीय प्रती परदेशी संग्राहक शोधत असतात. आपण मात्र जुन्या बाजारात त्या गोणपाटावर उन्हात वाकलेल्या बघतो.

आठआणे
ताईंचा मैफलीचा मुद्दा पटला. चटणीचाही. प्रेसिंगचा अजिबात नाही. पट्टी चुकली तर पेटीवाल्यांना कळेल, पण बरोबर वेगाच्या दोन प्रतींमधला फरक? काका, तुमच्याकडे दोन पुनर्मुद्रणं आहेत ना, एक स्वस्त, एक महाग? घरच्यांना न सांगता लावायला सांगा आणि पाठ करून बसा.

खर्जातला सा
दोन्हींचा आवाज सारखा ठेवा बरं का. जरा मोठं वाजलं की ते आपल्याला सरस वाटतं.

सुईटोक
रविवारी केलं. आवाज मोबाइलच्या ॲपवर जुळवला. बायकोने पाच वेळा लावलं, मी खिडकीकडे तोंड करून बसलो. महागडी कुठली ते पाचपैकी दोनदा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं.

सहाव्यांदा तिने गुपचूप मामांची लावली. ‘सो व्हॉट’मध्ये पितळी वाद्यं शिरताच मी ओळखली, आणि खरखरीवरून नव्हे. आठआणे, हे तुमच्या बाजूने मोजायचं की माझ्या, ते तुम्हीच ठरवा. महागडी विकायला काढतोय. कुणाला हवी असल्यास व्यक्तिगत निरोप करा.