मदत हवी आहे: बहिणीला बायबलमधलं काय वाचायला देऊ?

सर्वांना सलाम. आम्ही मूळचे नगरचे, आता म्हापशात असतो. धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिने त्यासाठी मनापासून प्रार्थना केली होती. आता म्हणते, देवाने ऐकलंच नाही. आमच्या मंडळीतले (चर्चमधले) लोक ‘प्रभूची इच्छा’ एवढंच म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही.

स्तोत्र १३ मध्ये दावीद देवाला थेट विचारतो, ‘कोठवर?’ स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाहीच. मला तेच तिच्या जवळचं वाटतं. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ३ऱ्या अध्यायातलं, अंजीर फुललं नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी परमेश्वरात आनंद, हे आत्ताच दिलं तर तिला टोचेल का? पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली, तरी बाईंनी बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही. हे तिला सांगावंसं वाटतं, पण तुलना होईल अशी भीती आहे.

अशा निराशेतून गेलेल्यांनी कृपया लिहा, तुम्हाला कशाने आधार मिळाला? बार्देशात किंवा पणजीजवळ मराठीतून प्रार्थना करणारा छोटा गट आहे का? कोकणी तिला समजते, पण रडते ती मराठीतच. स्थळं मात्र कृपया सुचवू नका.