मदत हवी आहे: मुलीला इंडिजिनस स्टडीज घ्यायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही कॅनडात मिसिसागाला राहतो. लेक बारावीत आहे. घरात सगळे इंजिनिअर, आणि हिने जाहीर केलंय की इंडिजिनस स्टडीजमध्येच, म्हणजे इथल्या मूळ आदिवासी समाजांच्या अभ्यासातच, बीए करणार. पहिली पसंती पीटरबरोचं ट्रेंट विद्यापीठ. कॅनडात या विषयाचा विभाग सर्वांत आधी, १९६९ साली तिथेच सुरू झाला.

विषयाला माझा विरोध नाही. आदिवासी मुलांना घरातून उचलून नेणाऱ्या निवासी शाळा इथे १९९०च्या दशकापर्यंत चालू होत्या, हे मला नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास करताना कळलं. लेकीने या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या २०१५ मधल्या ९४ शिफारशी वाचून काढल्यात. मी तेवढं कधी अभ्यासाचंसुद्धा वाचलं नव्हतं!

तिच्या आजीचा मात्र फोनवर एकच प्रश्न: "पुढे काय करणार गं?" खरं सांगायचं तर माझाही तोच आहे. कुणाच्या मुलांनी हा विषय घेतलाय का? नुसता घ्यावा, की कायदा, समाजकार्य किंवा पर्यावरण डोळ्यांपुढे ठेवून जोडविषय घ्यावा? अनिशिनाबे या इथल्या आदिवासी समाजाच्या भाषेचे वर्ग नवख्याला झेपतात का?

आणि सगळ्यात नाजूक शंका. आपण बाहेरून आलेली माणसं. वर्गात त्या समाजातली मुलं असणार, त्यांचं दुःख आपण 'विषय' म्हणून शिकायचं. तिथे कसं वागावं, कधी गप्प बसावं, हे कुणी अनुभवातून सांगेल का? अर्जाची मुदत जवळ आलीय.