मदत हवी आहे: घनतेच्या प्रयोगात लाल पाणी वर टिकत नाही, शिक्षकांचं प्रशिक्षण तोंडावर आलंय

खडूफळा: सागरविज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांचं प्रशिक्षण याच आठवड्यात आहे. पहिलंच सत्र सागरी प्रवाहांचं. टाकीत खाली थंड निळं पाणी, वर गरम लाल. सुरुवातीला थर झकास दिसतात. मग लाल थरातून बारीक दोरे खाली लोंबायला लागतात आणि थोड्या वेळात अख्खी टाकी जांभळी. तरंगत्या स्पंजवरच ओततोय, तेव्हा 'हळू ओता' हा सल्ला कृपया नको. काय चुकतंय?

दर्यादिल: हळू ओता. स्पंज असला तरी धार वरून पडली की घुसळण होतेच. मोठी सिरिंज घ्या, पुढे नळी लावा आणि नळीचं तोंड स्पंजला टेकवून सोडा.

प्रयोगवही: ओतण्यातला दोष असता तर पहिल्या मिनिटातच मिसळलं असतं. तापमानं किती? मीठ कुठल्या पाण्यात आणि किती?

खडूफळा: गरम 50 अंश, थंड 10. मीठ अर्थातच आहे, समुद्राचा प्रयोग आहे ना.

प्रयोगवही: दोन्हीकडे सारखं? ग्रॅममध्ये सांगा.

सातसूत्री: मुळात सुरुवात प्रयोगाने करूच नका. सागरी साक्षरतेची, म्हणजे महासागराबद्दल प्रत्येकाला काय कळायला हवं याची, सात तत्त्वं 2005 पासून तयार आहेत. शिक्षकांना आधी आपल्या पाठ्यपुस्तकातला प्रत्येक धडा कुठल्या तत्त्वाखाली येतो ते लावायला सांगा. पहिल्या तत्त्वाखाली ढीगभर धडे जमतात, सातव्याखाली, म्हणजे महासागराचा बराचसा भाग अजून धुंडाळलेलाच नाही या तत्त्वाखाली, रकाना रिकामा राहतो. प्रशिक्षण कशावर घ्यायचं ते तिथे कळतं.

प्रयोगवही: तक्ता भरून घेण्यात सकाळ गेली की शिक्षक जेवणाच्या सुट्टीनंतर परत येत नाहीत. तक्ता शेवटच्या सत्रात घ्या. आणि प्रश्न टाकीचा आहे.

खडूफळा: गरम पाण्यात लिटरला 10 ग्रॅम मीठ. गरमात पटकन विरघळतं म्हणून त्यातच घातलं. थंड म्हणजे नळाचं पाणी आणि बर्फ. पण त्याने काय फरक पडतो? 10 ग्रॅम म्हणजे अगदीच थोडं.

प्रयोगवही: सगळा फरक त्यानेच पडतो. 10 अंशांच्या गोड्या पाण्याची घनता मिलिलिटरला 0.9997 ग्रॅम. 50 अंशांच्या गोड्या पाण्याची 0.988. लिटरला 10 ग्रॅम मिठाने घनता साधारण 0.007 ने वाढते, म्हणजे तुमचं लाल पाणी 0.995. अजून हलकंच, म्हणून आधी वर थांबतं. पण टाकी उघडी, लाल पाणी निवत जातं. ते 40 अंशांच्या थोडं खाली आलं की दोन्ही घनता सारख्या होतात आणि त्यानंतर अख्खा थर खाली बसतो. तुमचा जांभळा रंग तो.

दोऱ्यांचं कारण वेगळं. पाण्यात उष्णता मिठाच्या जवळपास शंभरपट वेगाने पसरते. लाल पाण्याचा एखादा कोंब जरासा खाली उतरला की त्याची उष्णता बाजूच्या थंड पाण्यात निघून जाते, मीठ मात्र त्याच्यातच राहतं. तो जड होतो आणि आणखी खाली जातो. यालाच सॉल्ट फिंगर्स म्हणतात. तुमच्या टाकीत बिघाड नाही, फक्त दुसराच प्रयोग चालू आहे.

उपाय: तापमानाचा प्रयोग करायचा तर दोन्हीकडे गोडं पाणी. बर्फाचे उरलेले खडे काढून मगच रंग घाला, नाहीतर ते वितळताना पाणी ढवळत राहतात. मिठाचा प्रयोग वेगळा: दोन्ही पाणी खोलीच्या तापमानाला, एकात लिटरला 35 ग्रॅम.

दर्यादिल: आणि मीठ खडे मीठ घ्या. बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे घालतात त्याने पाणी गढूळ होतं, मागच्या रांगेतून थर दिसत नाहीत.

निळामासा: वर्गात फिशटँक ठेवणार असाल तर मासे लगेच सोडू नका. आधी अमोनिया, मग नायट्राइट शून्यावर यायला हवं, चार-सहा आठवडे सहज जातात. पाणी बदलताना गाळण सामग्री नळाच्या पाण्याने धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात.

खडूफळा: मासे नाहीत हो. रिकामी टाकी आहे.

निळामासा: मग क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, हायड्रोमीटरने (घनतेवरून मोजणाऱ्या तरंगत्या उपकरणाने) मोजताय ना? तो 25 अंशांसाठी आखलेला असतो. 50 अंशांच्या पाण्यात मीठ असलं तरी नसल्यासारखं दाखवेल.

दर्यादिल: रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तो प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता सांगतो, दोन थेंबांत काम.

प्रयोगवही: मीठ वजन करून घातलंय, मोजायचं कशाला? तराजू पुरे.

विदाविहारी: टाक्या सोडा. आर्गो या आंतरराष्ट्रीय समुद्रनिरीक्षण प्रकल्पाचे सुमारे चार हजार तरंगते यंत्रमानव दर दहा दिवसांनी 2000 मीटरपासून वरपर्यंत तापमान आणि क्षारता मोजतात, सगळी विदा (डेटा) फुकट. प्रत्येक गटाला एकेक आलेख द्या आणि तापमान झपाट्याने उतरतं तो पट्टा शोधायला लावा. ओलं होणं नाही, पुसणं नाही.

प्रयोगवही: आलेख हवाच, पण टाकीनंतर. आधी आलेख दिला की निम्मे शिक्षक खोलीचा अक्ष उलटा का, यातच अडकतात. टाकीतले थर पाहिल्यावर तोच आलेख उभा धरलेली टाकी वाटतो.

विदाविहारी: अक्ष उलटा का हे शिकवणं हाच प्रशिक्षणाचा भाग नाही का?

खडूफळा: ते तुम्ही वेगळ्या धाग्यावर भांडा. गोडं पाणी दोन्हीकडे घेऊन केलं, थर टिकले. आता दोरे मुद्दाम दाखवू का? आणि शिक्षकांनी विचारलं की खऱ्या समुद्रात असं कुठे होतं, तर?

प्रयोगवही: दाखवा, पण दुसऱ्या दिवशी. भूमध्य समुद्रातलं पाणी हे उत्तम उदाहरण आहे. ते आजूबाजूच्या अटलांटिकपेक्षा उबदार, तरीही इतकं खारट की जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडल्यावर सुमारे 1000 मीटर खोलीवर पसरतं. त्याच्या खाली असे दोरे तयार होतात. कॅरिबियनमधल्या बार्बाडोसच्या पूर्वेलाही अशाच दोऱ्यांमुळे पाण्याचे पायऱ्या-पायऱ्यांसारखे थर सापडतात.

करताना चार शिक्षकांमागे एक छोटी बरणी द्या. पुढे एकच मोठी टाकी ठेवली तर तो जादूचा प्रयोग होतो आणि शाळेत परत गेल्यावर कुणी करत नाही. ओतण्याआधी प्रत्येकाला अंदाज कागदावर लिहायला लावा: 50 अंशांचं पाणी, लिटरला 35 ग्रॅम मीठ, खाली 10 अंशांचं गोडं. वर राहील की बुडेल? बरेच जण 'गरम म्हणून वर' लिहितात. ते सरळ तळाला जातं. अंदाज तोंडी सोडू नका, नंतर सगळेच 'मला माहीत होतं' म्हणतात.

सातसूत्री: बरणीत बुडणाऱ्या पाण्याला थर्मोहेलाइन अभिसरण, म्हणजे तापमान आणि मिठातल्या फरकाने चालणारं समुद्राचं अभिसरण, म्हणू नका म्हणावं. प्रत्यक्षात पाणी थंड होऊन बुडतं, इथे गरम पाणी बुडतंय.

प्रयोगवही: हे मात्र बरोबर. ध्रुवाकडे थंडी आणि बर्फ गोठताना मागे राहणारं मीठ, दोन्ही एकाच दिशेने काम करतात. बरणीत ती एकमेकांविरुद्ध लावली आहेत, हे फळ्यावर लिहूनच ठेवा.

नवाशिक्षक: या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळतं का?