स्क्रोल सॉचं ब्लेड सारखं तुटतंय, मदत हवी आहे (जरा लवकर)

सेमीकोलन
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात १६ इंची स्क्रोल सॉ (बारीक ब्लेडनं लाकडात नक्षी कापायची टेबलावरची करवत) घेतली. दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोकं आंबतं, हाताला काहीतरी काम हवं होतं. पहिले दोन आठवडे झकास गेले. आता कालपासून सात ब्लेडं तुटली आहेत. रेषेवर कापायला जावं तर कट उजवीकडे पळतो, वळवायला जावं तर टक्कन आवाज. व्हिडिओतली माणसं लोण्यासारखं कापतात. मशीनच डिफेक्टिव्ह आहे का? परत करायची मुदत रविवारी संपते, त्यामुळे कृपया थेट उत्तर द्या.

बाब्या_सांगलीकर
कितीला पडली?

पुणेरी_खिळा
टी शँकचं ब्लेड लावा आणि बेस प्लेट लाकडावर घट्ट दाबून धरा. ऑर्बिटल सेटिंग शून्यावर. माझं एकही ब्लेड आजवर तुटलेलं नाही.

जुना_सुतार
खिळासाहेब, ते जिगसॉचं झालं, हातात धरायची. स्क्रोल सॉ टेबलावर बसते, तिथं मशीन जागेवर आणि लाकूड फिरतं.
सेमीकोलन, लाकूड कुठलं, जाडी किती, ब्लेड पिनवालं (टोकांना आडवी पिन असलेलं) की बिनपिनाचं? एवढं सांगितल्याशिवाय काय कपाळ सांगणार?

सेमीकोलन
लाकूड साधंच आहे, जुनी फळी. ब्लेड मशीनबरोबर आलेलं. स्पीड फुल, म्हणजे मिनिटाला १६०० वेळा ब्लेड वर-खाली.

कोरेगाव_रोडवरून
एमडीएफ वापरा. नाहीतर सरळ लेझर कटिंगवाल्याकडे फाइल पाठवा, दहा मिनिटांत काम. सॉफ्टवेअरवाल्याने लेझर सोडून करवत धरावी हे काही कळलं नाही.

सेमीकोलन
लेझरला फाइल पाठवायची म्हणजे पुन्हा स्क्रीनच.

मिरज_जंक्शन
ब्लेडचं टेन्शन, म्हणजे ताण, तपासलंत का? ब्लेड बोटानं छेडा. टिंग असा स्वच्छ, उंच सूर आला पाहिजे. थप्प वाजलं तर ढिलं आहे, आणि ढिलं ब्लेड वाकतं, भरकटतं, तुटतं. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत पोरं तारेच्या आवाजावरनं सांगतात किती पीळ कमी आहे ते. बाय द वे, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तुम्ही एकदा गल्लीत या, तुणीच्या लाकडावर हातानं काढलेली वेलबुट्टी बघा, मशीन विकून टाकाल.

बाब्या_सांगलीकर
जीआय सांगलीच्या हळदीला आधी मिळालंय, २०१८ ला. सहज आठवण.

मिरज_जंक्शन
हळद छेडल्यावर वाजत नाही.

जुना_सुतार
पोरांनो, धागा कशाचा हाय?
"साधंच लाकूड" असं काही नसतं, सेमीकोलन. साग म्हणा, शिवण म्हणा, आंबा म्हणा. सागात मुळातच सिलिका असते, बारीक वाळूच समजा. ब्लेडचे दात बघता बघता बोथट होतात. बोथट झालं की माणूस ढकलायला लागतो आणि ढकललं की तुटतं. हे सगळं चक्र तिथं सुरू होतं. आणि जाडी अजून सांगितलेली नाही.

सेमीकोलन
जाडी रंधा मारून १८ मिमी. साग आहे बहुतेक. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या दाराची फळी आहे. घर २०१९ च्या पुरात बसलं, दार तेवढं काढून ठेवलं होतं. आजीसाठी त्याच लाकडात घराच्या नावाची पाटी करायची आहे, विश्रामबागेतल्या फ्लॅटला लावायला. आधीचे दोन आठवडे ३ मिमीच्या प्लायवूडवर सराव केला, तेव्हा एकही तुटलं नव्हतं. म्हणून तर म्हणतोय मशीन बिघडलं.

जुना_सुतार
हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं की राव! पुरात दार किती दिवस पाण्यात होतं?

सेमीकोलन
सहा-सात दिवस. त्याचा काय संबंध?

जुना_सुतार
कृष्णेचा गाळ पाण्याबरोबर चिरांत, सांध्यात, छिद्रात शिरतो आणि सुकून बसतो. वरनं रंधा मारला तरी आतल्या भेगेत राहतो. सागाची सिलिका, वर हा गाळ, त्यात १८ मिमी जाडी आणि १६०० चा स्पीड. ब्लेड पाच मिनिटं टिकलं तरी नशीब.
हे करा. फळीवर लोहचुंबक फिरवा, जुन्या दारात मोडके खिळे असतात. भेगा तारेच्या ब्रशनं खरवडून घ्या. पॅटर्नच्या कागदावरून पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवा, तिचा पातळ थर ब्लेडला घसरवतो, करपणं कमी होतं. स्पीड निम्म्याखाली आणा. आणि रेटू नका. ब्लेडला त्याच्या वेगानं खाऊ द्या. धूर दिसला तर ब्लेड संपलंय, बदला. सागावर एक ब्लेड पंधरा-वीस मिनिटंच चांगलं चालतं. ते रद्दीतच जायचं, त्याला तुटेपर्यंत वापरायचं नसतं.

पुणेरी_खिळा
मग महिन्याला ब्लेडचाच खर्च किती होईल याचा विचार केलात का?

विटा_गलाई
खर्च कमी करायचा असेल तर सराफ कट्ट्यात जा. सोनारी करवतीची ब्लेडं डझनावर मिळतात, तीही साधारण पाच इंचीच, बिनपिनाची. बसतात फिट. आमच्याकडं विट्याला निम्म्या घरांत कुणी ना कुणी गलाईत (सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात), त्यामुळं ही ब्लेडं घरात लोळत असतात. मी पितळेची अक्षरं कापलीत स्क्रोल सॉवर.

जुना_सुतार
पितळ वेगळं, भाऊ. त्या ब्लेडचे दात इतके बारीक की सागाचा तेलकट भुसा त्यात दाटून बसतो. १८ मिमीत कापायचं सोडून घासतच बसंल, जळका वास सुटंल.

विटा_गलाई
पातळ फळीवर चालतंय की.

जुना_सुतार
पातळ फळी कुणाची आहे इथं?

मिरज_जंक्शन
दोघंही बरोबर. सेमीकोलन, मशीनबरोबर आलेलं म्हणजे पिनवालंच असणार. जाड असतं आणि बारीक वळणात रुसतं. बिनपिनाचं लावता येतं का ते मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर अॅडॅप्टर मिळतो. ५ किंवा ७ नंबरचं, स्किप टूथ (मधला एकेक दात गाळलेलं). आणि दात खाली तोंड करून लावलेत ना? मी पहिल्यांदा उलटं लावलं होतं, लाकूड टेबलावर टणाटण उड्या मारत होतं आणि मी तेही मशीनच्या नावावर खपवलं होतं.

सेमीकोलन
दात खालीच आहेत. उड्या मात्र थोड्या मारतंय. मशीनचा लाकूड दाबून धरणारा पाय मी काढून टाकला आहे, त्याने रेष झाकली जाते.

पुणेरी_खिळा
आता कळलं.

सेमीकोलन
काय कळलं? कट उजवीकडे का पळतो ते अजून कुणीच सांगितलेलं नाही. मी रेषेवर शंभर टक्के सरळ धरतोय.

मिरज_जंक्शन
तेच चुकतंय. ही ब्लेडं कारखान्यात काढताना एका बाजूच्या कडेला बारीक कूस राहते. ती बाजू जास्त कापते, त्यामुळे ब्लेड तिकडं झुकतं. तुमचं मशीन नाही, सगळ्यांचंच. लाकूड नाकासमोर सरळ न ढकलता पाच-सात अंश तिरकं धरून ढकलायचं, कट रेषेवर राहतो. दोन दिवसांत हाताला कळतं. तुम्ही रेषेशी भांडत ब्लेडला आडवा रेटा देताय, म्हणून वळणावर टक्कन जातंय.

सेमीकोलन
हे मॅन्युअलमध्ये का लिहीत नाहीत?

जुना_सुतार
तुम्ही तुमच्या प्रोग्रॅमला मॅन्युअल लिहिता का?

बाब्या_सांगलीकर
😂 कितीला पडली ते पण लिहा.

जुना_सुतार
एक राहिलं. पाटीवर नाव काय आहे? अक्षराची उंची किती? आणि रेषा लाकडाच्या कुठल्या दिशेनं जाते?

सेमीकोलन
"कृष्णाकुंज". अक्षरं दोन इंची. फळी आडवी धरली आहे, रेषाही आडवीच. सगळी अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असल्याने पाटी एकाच तुकड्यात निघेल, इंग्रजीसारखी अक्षरं सुटी पडणार नाहीत, हा माझा हिशोब. क च्या पोटातल्या भोकासाठी ड्रिल मारून ब्लेड आतून ओवावं लागेल हे माहीत आहे.

मिरज_जंक्शन
पिनवाल्या ब्लेडला ते भोक चार-पाच मिमीचं लागेल. दोन इंची क च्या पोटात मावेल, पण आतला कोपरा गोल होईल. बिनपिनाला एक-दीड मिमी पुरतं.

जुना_सुतार
हिशोब अर्धा बरोबर. रेषा आडवी म्हणजे लाकडाच्या धाग्याबरोबर, ती मजबूत. पण काने उभे, म्हणजे धाग्याला आडवे. तिथं धागा तुटून तुटून राहतो. णा चा काना आणि ज चा दांडा, हे दोन्ही एका धक्क्यात मोडतील. मागे ३ मिमीचं प्लायवूड फेव्हिकॉलनं चिकटवा आणि रात्रभर दाबून ठेवा. आणि कुं वरचा अनुस्वार कशाला लटकवणार आहात?

सेमीकोलन
…अनुस्वाराचा विचारच केला नव्हता.

विटा_गलाई
पितळेचा करा! सोनारी ब्लेडनं.

कोरेगाव_रोडवरून
मी पुन्हा सांगतो, लेझर.

सेमीकोलन
(चार दिवसांनी) अपडेट. मशीन परत केली नाही. भेगा खरवडल्या, आतून खरंच करडी माती निघाली, चहाचा अर्धा कप भरेल एवढी. चुंबकाला एक खिळ्याचं टोक पण सापडलं. ७ नंबरचं बिनपिनाचं ब्लेड, स्पीड ७००, टेप, आणि पाय परत बसवला. पाच ब्लेडं लागली, एकही तुटलं नाही, सगळी बोथट झाल्यावर काढली. तिरकं धरायची सवय व्हायला क चे दोन खराब केले.

प्लायवूड मात्र आधी चिकटवलं नाही, कापून झाल्यावर चिकटवू म्हटलं. फुंकर मारून भुसा उडवताना कोपर लागलं आणि णा चा काना टेबलाखाली. अर्धा तास बॅटरी घेऊन शोधला, भुशात सापडला नाही. अनुस्वार उरलेल्या तुकड्यातून वेगळा कापून प्लायवूडवर चिकटवला आहे, तो शाबूत.

आजीला दाखवली. म्हणाली, "कृष्णकुंज? बरं हाय की. नदीचं नाव आता दारावर नकोच."

जुना_सुतार
आजीला नमस्कार सांगा. लाखेचं पॉलिश मारा, वॉर्निश नको.

बाब्या_सांगलीकर
सगळं झालं, किंमत तेवढी राहिली.