टेंभुर्णी, पर्सिमॉन आणि आबनूस एकाच वंशातील कसे?

प्रश्न : पूर्वविदर्भ

माझे बालपण गोंदिया जिल्ह्यात गेले आणि सध्या वास्तव्य कॅलिफोर्नियात आहे. येथील घराच्या परसात आधीच्या मालकांनी लावलेले पर्सिमॉनचे एक झाड असून त्याला दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चपट्या, नारिंगी फळांचा बहर येतो. त्याची जात फुयू आहे, असे रोपवाटिकेतील माणसाने सांगितले. गावाकडून आलेल्या आईने ते फळ हातात घेऊन उलटे केले आणि देठाजवळची टोपी पाहताच हे टेंभराच्याच, म्हणजे टेंभुर्णीच्या फळाच्या, जातकुळीतले आहे, असे ठामपणे सांगितले. शोध घेतल्यावर तिचे म्हणणे खरे निघाले. शिवाय काळ्या लाकडासाठी प्रसिद्ध असलेले आबनूसही याच वंशातले आहे, असे वाचनात आले.

माझ्या शंका तीन आहेत. एक गोड फळासाठी, एक विडीच्या पानासाठी आणि एक लाकडासाठी ओळखले जाणारे झाड एकाच वंशात कोणत्या लक्षणांवरून बसवले जाते? वंश एकच असेल, तर टेंभुर्णीचे लाकूड काळे का नसते? आणि आमच्या शेताच्या बांधावरील दोन टेंभुर्णींपैकी एकीला कधीच फळ धरले नाही, तर येथील पर्सिमॉन आसपास दुसरे झाड नसतानाही लगडते, हे कसे?

उत्तर १ : पर्णिका

आपल्या मातोश्रींनी नेमके योग्य ठिकाणी पाहिले. डायोस्पायरॉस हा वंश ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे फळाखालचा निदलपुंज, म्हणजेच फुलाच्या पाकळ्यांबाहेरचे हिरवे वेष्टन. बहुतेक झाडांत फळ धरले की ते सुकून जाते किंवा होते तेवढेच राहते. या वंशात मात्र ते फळाबरोबर वाढते, जाड होते आणि फळ पिकेपर्यंत त्याला घट्ट चिकटून राहते. पर्सिमॉनमध्ये त्याचे चार रुंद भाग स्पष्ट दिसतात, टेंभुर्णीत ते लहान आणि काहीसे मागे वळलेले असतात, पण रचना तीच आहे. आता फुलाकडे पाहा. पाकळ्या एकमेकींना जुळून छोट्या सुरईसारखा आकार झालेला असतो, रंग पांढुरका किंवा पिवळसर असतो आणि अंडाशय निदलपुंजाच्या वर असतो. फळ मांसल, आत चपट्या, चकचकीत, तपकिरी बिया आणि बियांमधला गर इतका कठीण की सुरीची धार लागत नाही.

वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये या वंशाला नाव दिले तेव्हा त्याच्यापुढे अमेरिकेतील आणि पश्चिम आशियातील पर्सिमॉन होते. आबनुसाचे डायोस्पायरॉस एबेनम हे नाव कोनिगने 1776 मध्ये दिले आणि आपल्या टेंभुर्णीचे डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन हे नाव रॉक्सबर्गने 1795 मध्ये प्रसिद्ध केले. आज या वंशात सातशेच्या आसपास जाती गणल्या जातात आणि त्यांतील बहुसंख्य उष्ण कटिबंधातील आहेत. फळासाठी समशीतोष्ण प्रदेशात लावल्या जाणाऱ्या जाती मूठभरच आहेत, त्यामुळे कुटुंबाचा विचार केला तर आपल्या परसातला पर्सिमॉन हाच अपवाद आहे आणि टेंभुर्णी हा नियम.

टेंभराचे फळ आणि बी पाहून अनेकांना चिकूची आठवण होते. ती अगदीच चुकीची नाही, कारण चिकू, मोह आणि खिरणी यांचे कुल याच गणात (अनेक कुलांच्या मोठ्या गटात) येते. पण चिकूची फांदी मोडली की पांढरा चीक येतो आणि टेंभुर्णीची मोडली तर येत नाही. रानात हा फरक पुरतो.

तिसऱ्या शंकेचे उत्तर असे, की हा वंश बहुतांशी विभक्तलिंगी आहे, म्हणजे नरफुले एका झाडावर आणि मादीफुले दुसऱ्या झाडावर येतात. बांधावरची फळ न धरणारी टेंभुर्णी बहुधा नर असावी. खात्री करायची असेल तर एप्रिल-मेमध्ये फुले पाहावीत. नरफुले लहान असून पानाच्या बगलेत तीन किंवा अधिकच्या झुबक्याने येतात. मादीफूल थोडे मोठे आणि एकटे असते व त्यात वांझ पुंकेसर दिसतात. आपल्या फुयूला मात्र मादीफुलेच येतात आणि परागीभवन न होताही त्याचे फळ वाढू शकते, म्हणून फळात बी सापडत नाही. शेजारी नर झाड असते तर बिया मिळाल्या असत्या आणि फळगळही कदाचित कमी झाली असती.

झाड नर होणार की मादी, हे कसे ठरते याचा उलगडा जपान आणि अमेरिकेतील संशोधकांनी 2014 मध्ये डायोस्पायरॉस लोटस, म्हणजे वर आलेले पश्चिम आशियातील पर्सिमॉन, या जातीत केला. फूल मादी करणारे एक जनुक सर्व झाडांत असते. नर झाडाच्या वाय गुणसूत्रावरील दुसरे जनुक एक लहान आरएनए (जनुकावरून बनणारा रेणू) तयार करून त्या पहिल्याला दाबून टाकते. लागवडीतील काकी पर्सिमॉनमध्ये (आपले फुयू याच जातीचे) गुणसूत्रांचे सहा संच असतात (लोटसमध्ये 30 गुणसूत्रे, काकीत बहुधा 90), त्यामुळे तिथे हा हिशेब बराच गुंतागुंतीचा होतो आणि काही वाणांत एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुलेही येतात.

उत्तर २ : रंधा_पटाशी

मी लाकूडकाम करतो, म्हणून दुसऱ्या शंकेपुरते लिहितो. टेंभुर्णीचे लाकूड काळे नसते, हे विधान अर्धेच खरे आहे. शास्त्रीय नावातील मेलॅनोझायलॉन याचा अर्थच काळे लाकूड असा आहे आणि रॉक्सबर्गने ते उगाच दिलेले नाही. जुन्या, जाड खोडाची टेंभुर्णी आडवी कापली तर बाहेर फिकट, गुलाबी-करड्या रंगाचा रुंद पट्टा दिसतो आणि मधोमध वेड्यावाकड्या कडांचा काळा गाभा असतो, त्यात तपकिरी किंवा जांभळट रेघाही असतात. आबनुसातही बाहेरचा भाग फिकटच असतो. काळा असतो तो फक्त गाभा. फरक एवढाच, की श्रीलंकेच्या आणि दक्षिण भारताच्या कोरड्या जंगलांतील डायोस्पायरॉस एबेनममध्ये तो एकसंध काळाभोर असतो.

झाड वाढत असताना खोडाच्या आतल्या पेशी मरतात आणि मरण्यापूर्वी काही रसायने तयार करून ठेवतात. या वंशात ही रसायने मुख्यतः नॅफ्थोक्विनोन गटातली असतात आणि त्यांचा गडद थर लाकडाच्या नळ्यांत व तंतूंत साठून बसतो. म्हणूनच चांगले आबनूस पाण्यात बुडते, त्याला रंध्याने काचेसारखी झळाळी येते आणि त्याचा भुसा अनेकांच्या त्वचेला व डोळ्यांना झोंबतो. (मास्क न लावता हे लाकूड घासू नये, हा सल्ला सर्वांसाठी.) अमेरिकेतील पर्सिमॉनमध्ये गाभा फारच कमी तयार होतो, त्यामुळे तिथे फिकट लाकडालाच महत्त्व आले, अतिशय कठीण आणि घासून गुळगुळीत होणारे असल्याने त्यापासून मागाचे धोटे आणि गोल्फच्या काठ्यांचे डोके बनवत असत. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरचे मकासर आबनूस पट्टेदार असते. म्हणजे रंग हे या वंशाचे लक्षण नव्हे, वंशातील काही जातींनी घेतलेले वळण आहे.

आपल्याकडे शिसवी फर्निचरलाच आबनूस म्हणून विकण्याची पद्धत आहे. शिसव हे शेंगा धरणाऱ्या झाडांच्या कुलातले आहे, त्याचा आबनुसाशी काहीही संबंध नाही. क्लॅरिनेटसारख्या वाद्यांत वापरले जाणारे आफ्रिकन काळे लाकूडही शिसवाचाच भाऊ आहे, आणि गंमत अशी की त्याच्याही नावात मेलॅनोझायलॉन आहे. खरे आबनूस तपासायचे असेल तर वस्तूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस जोराने फिरवावा. कापसावर काळा रंग आला तर फिकट लाकूड रंगवलेले असण्याची शक्यता मोठी. पण टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडाला गंजलेल्या लोखंडाचे व्हिनेगरमधील पाणी लावून काळे केले असेल, तर हा रंग रासायनिक क्रियेने आत बसलेला असतो आणि कापूस काहीच सांगत नाही. अशा वेळी आडवा छेद आणि वजन पाहावे लागते.

मागणीमुळे मादागास्करमधील जातींवर इतकी कुऱ्हाड चालली, की 2013 पासून तेथील डायोस्पायरॉसच्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आणावा लागला.

उत्तर ३ : मोहफुल_गडचिरोली

वरील दोन्ही उत्तरे वाचली. काळा गाभा आपल्या भागात दिसत का नाही, याचे एक कारण झाडात नसून पानाच्या धंद्यात आहे. विडीला लागणारे पान मोठ्या झाडाचे घेत नाहीत. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास टेंभुर्णीची झुडपे जमिनीलगत छाटली जातात आणि मुळांतून फुटणाऱ्या धुमाऱ्यांवर जे कोवळे पान येते, तेच एप्रिल-मेमध्ये तोडले जाते. टेंभुर्णीच्या मुळांना असे धुमारे फुटण्याची ताकद विलक्षण आहे; वणवा, दुष्काळ, गुरांचे तोंड यांतून ती पुन्हा उभी राहते. पण दरवर्षी छाटलेल्या झुडपाचे खोड जाड होणार कसे आणि त्यात गाभा तयार होणार कधी? चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बहुतेकांनी टेंभुर्णी पाहिली आहे ती कमरेएवढीच.

पान निवडण्याची पद्धतही सांगण्यासारखी आहे. नवे पान लालसर आणि लवदार असते, नंतर ते हिरवे, चिवट आणि चामड्यासारखे होते. या दोहोंच्या मधल्या अवस्थेत ते तोडले तर गुंडाळताना तडकत नाही. पानावर वाटाण्यासारख्या गाठी असतील तर ते बाजूला पडते. या गाठी ट्रायोझा नावाच्या चिमुकल्या रसशोषक किडीमुळे येतात. पान उजेडाकडे धरले की त्या गाठी आतून पोकळ असल्याचे दिसते. छाटणीनंतर येणाऱ्या पानांत हे प्रमाण कमी राहते, हेही छाटणीमागचे एक कारण आहे.

फळ हवे असेल तर मात्र जंगलात आत, न छाटलेल्या मोठ्या झाडाकडे जावे लागते. फूल एका उन्हाळ्यात आणि पिकलेले फळ पुढच्या उन्हाळ्यात, असा त्याचा क्रम आहे. अस्वलांना ते अतिशय प्रिय आहे. मे महिन्यातल्या अस्वलाच्या विष्ठेत टेंभराच्या बिया हमखास सापडतात.

प्रश्नकर्ता : पूर्वविदर्भ

तिघांचेही आभार. आणखी एक विचारतो. शेजाऱ्यांकडे टोकदार फळांचे पर्सिमॉन आहे. ते नारिंगी झाल्यावर खाल्ले, तर कच्च्या टेंभरासारखेच तोंड आवळून गेले. आमचे फुयू मात्र कडक असतानाच गोड लागते. हा तुरटपणा आणि लाकडाचा काळेपणा एकाच द्रव्याचा आहे काय?

उत्तर ४ : पर्णिका

नाही, द्रव्ये वेगळी आहेत. गाभ्यातील काळेपणा वर सांगितलेल्या नॅफ्थोक्विनोनांच्या साठ्याचा, फळातील तुरटपणा टॅनिनचा. फळाच्या गरात टॅनिनने भरलेल्या मोठ्या पेशी विखुरलेल्या असतात. दात लागताच त्या फुटतात, विरघळलेले टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून टाकते आणि जीभ कोरडी पडते. शेजाऱ्यांचे वाण वर्णनावरून हाचिया असावे. त्यात फळ कडक असेपर्यंत टॅनिन विद्राव्य राहते. फुयूच्या फळात टॅनिनचा साठा लवकरच थांबतो, म्हणून ते कडक असतानाही खाता येते.

तुरट फळ गोड करण्याचे जपानी उपाय सारे एकाच क्रियेवर चालतात. फळाला मद्यार्क लावतात किंवा ते कर्बवायूत कोंडतात. आत ॲसिटाल्डिहाइड तयार होते, ते टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडून अविद्राव्य करते आणि टॅनिन फळात असूनही जिभेला जाणवेनासे होते. काही वाणांत हे काम बियाच करतात, त्यामुळे बीभोवतीचा गर तपकिरी आणि गोड, तर बिनबियांचे फळ तुरट असते. येथे पुन्हा आपल्या मातोश्रींनी पाहिलेली देठाजवळची टोपी कामाला येते, कारण पर्सिमॉनच्या सालीवर पर्णरंध्रे (हवा आत-बाहेर जाण्याची सूक्ष्म छिद्रे) नसतात आणि फळाचा श्वास प्रामुख्याने निदलपुंजाच्या भागांतूनच चालतो. जपानमध्ये मद्य नेमके तिथेच लावण्याची प्रथा त्यामुळेच पडली. शेजाऱ्यांना घरगुती उपाय हवा असेल तर फळे केळ्यांबरोबर बंद डब्यात ठेवावीत आणि गर चमच्याने काढता येईल इतका मऊ झाल्यावरच खावीत.